दुकानात दोन होत्या

मोहर्लीला मामांच्या घरी मी कॉलेजची तीन वर्षे काढली. त्या घराचे नाव निघाले की मी आजही आधी त्यांच्या उपकारांचीच गोष्ट सांगते. कुरखेड्याकडच्या आमच्या गावातून बारावीच्या पुढे गेलेली मुलगी माझ्याआधी कोणी नव्हती. बाबा धानाच्या बांधीत उभे होते आणि मामा बांधावरून म्हणाले, "पोरगी राहीन आमच्या इथी. चंद्रपूरची बस दारासमोरूनच जाते." तेवढ्या एका वाक्यावर मी पदवीधर झाले. त्यांनी तसे म्हटले नसते, तर मी त्याच बांधीत वाकलेली असते. हे खरे आहे, आणि पुढे जे लिहिणार आहे तेही खरे आहे. दोन्ही एकाच छपराखाली घडले, म्हणून एक सांगून दुसरे गाळणे आता मला जमत नाही.

घर रस्त्याला लागून होते. पहाटे सफारीच्या जिप्सी एकामागून एक वाघांच्या जंगलाच्या गेटाकडे जायच्या, त्या आवाजाने मला जाग यायची. त्यानंतर छपरावरून माकडांची धावपळ, मग मामीच्या फुंकणीचा आवाज. जेवायला भात, लाखोळीच्या डाळीचे वरण आणि बहुतेक दिवशी अंबाडीची भाजी. मामीच्या हातच्या जवसाच्या चटणीची चव मला पुन्हा कुठेच मिळाली नाही. घरामागे टिनाच्या छपराखाली मामांचा कारखाना होता. कारखाना हा शब्द मामांचा. तिथे लाकूड फिरवून गोल करायचा एक लहान खराद होता, एक ड्रिल मशीन होते आणि भिंतीशी सागाच्या तुकड्यांचे पोते. चंद्रपूरच्या फर्निचरवाल्यांकडची छाटण आणून मामा त्याचे लाकडी पेन बनवायचे. तापल्या तारेने त्यावर वाघाचे तोंड काढायचे आणि गेटाजवळच्या दुकानात मांडायचे. वाघ न दिसलेले पाहुणे हे पेन जास्त घेतात, असे मामा सांगायचे आणि स्वतःच हसायचे.

पेन बनवायचा तर आधी बोटाएवढा जाड चौकोनी तुकडा कापतात. आमच्याकडे त्याला गुल्ली म्हणत. ही गुल्ली उभी धरून तिच्या मधोमध, या टोकापासून त्या टोकापर्यंत भोक पाडायचे, त्यात पितळी नळी बसवायची आणि मग खरादावर गोल करायची. सगळा जीव त्या भोकात. ते जरा तिरपे गेले की बाजूची भिंत पातळ होते आणि खरादावर गुल्ली फुटते. म्हणून भोक पाडताना गुल्ली घट्ट आणि सरळ धरावी लागते. ती धरायला लोखंडी जबड्यांची वाईस असते, आणि ती मशीनबरोबर येत नाही, वेगळी घ्यावी लागते. मशीन घेताना दुकानदाराने मामांना तसे सांगितलेही होते. त्यावर मामा म्हणाले, "वाईस आहे ना माह्या घरी. जेवते आन् झोपते."

ती वाईस म्हणजे वच्छलामावशी, माझ्या आईची आणि मामांची धाकटी बहीण. नवऱ्याने दुसरी बायको आणल्यावर ती भावाकडे आली होती. सायकलच्या ट्यूबचा पट्टा गुल्लीला गुंडाळून ती दोन्ही हातांनी धरायची, आणि मामा मशीनचा दांडा खाली ओढायचे. दुकानदाराला दिलेले ते उत्तर मामांनी घरी येऊन सांगितले, चहाच्या टपरीवर सांगितले, जिप्सीच्या ड्रायव्हरांना सांगितले. तेव्हापासून तिचे नाव वाईस पडले. "वाईसबाई, पाणी द्या जरा," असे ड्रायव्हर अंगणातून म्हणायचे. मामी म्हणायची, "वाईसले सांगा, भांडे पडले आहेत." एकदा मीही म्हटले. कशावरून ते आठवत नाही, पण सगळे हसले होते हे आठवते, आणि आपण आता या घरातल्या झालो असे मला वाटले होते, हेही आठवते.

मावशी गरीब गाय होती असे कोणी समजू नये. तिची जीभ तिखट होती. माझा भात कच्चा राहिला की ती म्हणायची, "बीए करून राह्यली, पण भाताले पाणी किती ते पुस्तकात नाई वाटते." मी अभ्यासाचे निमित्त करून भांडी टाळते, हे तिनेच मामीच्या कानावर घातले होते. पण रविवारी तीच माझे केस रिठ्याने धुवायची. इतक्या जोरात चोळायची की डोळ्यांतून पाणी यायचे. मी ओरडले तर म्हणायची, "माह्या हाताले हळू धरणं येतच नाई, बाई."

तिच्या हातांना एक गोष्ट येत होती, ती मात्र मी नंतर कोणत्याच यंत्रात पाहिली नाही. ड्रिल आत शिरत असताना गुल्लीत काय चालले आहे ते तिला बोटांतून कळायचे. लाकडाची रेषा वाकडी असली की ती कणभर हात कलता करायची. भुसा आत अडकला, लाकूड तापू लागले की म्हणायची, "मागं घ्या दादा, तापलं." मामा दांडा वर घ्यायचे, भुसा सांडायचा आणि भोक पुढे सरळ जायचे. दिवसभरात एखादीच गुल्ली वाया जायची. याचे श्रेय मामा मशीनला द्यायचे.

माझ्या शेवटच्या वर्षाच्या थंडीत पाहुण्यांची गर्दी होती. मोठ्या रिसॉर्टवाल्याने एकदम खूप पेन मागितले होते, आणि दुपारी वीज जायच्या आत मामांना पोते संपवायचे होते. मी कॉलेजमधून लवकर आले होते आणि ओट्यावर बसून पितळी नळ्या घासत होते. मावशी म्हणाली, "मागं घ्या दादा, तापलं." मामांनी दांडा दाबूनच ठेवला. ती पुन्हा म्हणाली. मामा म्हणाले, "वाईस बोलत नाई." मी हसले. हसू ओठांवर असतानाच ड्रिल आत अडकले, गुल्ली तिच्या हातातून सुटून ड्रिलसकट गरगर फिरली आणि डाव्या अंगठ्याचे मांस नखासकट उचकटून गेली. मावशी ओरडली नाही. तिने उजव्या हाताने मशीनचे बटण बंद केले, मग खाली बसली. मामांनी आधी गुल्ली पाहिली. "फुटली," ते म्हणाले.

दवाखान्यात टाके घातले आणि महिनाभर हात ओला करू नका, तीन महिने त्या हाताने जोर देऊन काही धरू नका असे सांगितले. मामीने दुसऱ्याच दिवशी तिच्या पुढ्यात पाटा सरकवला आणि म्हणाली, "एका हातानं मिरच्या वाटता येते." आणि मामा मला म्हणाले, "कुंदा, आता तू धर. कॉलेज राहू दे काही दिवस."

मी आठ दिवस धरले. ते आठ दिवस आजही माझ्या तळहातांत आहेत. गुल्ली हातात थरथरते आणि ती थरथर कोपरापर्यंत चढते. लाकूड आतून तापत जाते. आपण धरले आहे की आपल्याला धरले आहे हे कळेनासे होते. माझ्या हातून दर चौथी गुल्ली तिरपी जायची, आणि मामा ती माझ्या पायांवर फेकायचे. रोज सकाळी दारासमोरून चंद्रपूरची बस जायची आणि मी तिच्याकडे पाठ करून उभी असायची. परीक्षा दोन महिन्यांवर आली होती. नवव्या दिवशी मी धीर करून म्हटले, "मामा, खरी वाईस आणली तर?" मामांनी मला नीट पाहून घेतले. म्हणाले, "तू शिकलेली. तूच चल दुकानात आन् तूच निवड. चुकली तर धरजो जिंदगीभर."

चंद्रपूरला जायच्या आदल्या दुपारी मावशी अंगणात तांदूळ निवडत होती. एका हाताने सूप हलवत होती, पट्टीचा हात मांडीवर होता. मामी शेजारी गेली होती. मावशीने मला जवळ बोलावले. ती कधी कोणाला काही मागत नसे, म्हणून तिला कसे मागायचे ते येत नव्हते.

"कुंदा, वाईस दोन-तीन तऱ्हेच्या असते का?"

"असतील."

"अशी पाय, का धराले माणूस लागन." ती सुपाकडेच पाहत होती. "थोडं तरी लागन. हात बरा झाला का मी धरतो. नाई तर दादा मले काऊन ठेवन?"

"तसं कसं होईल, मावशी."

"तू हो म्हण."

"हो."

तिने खडे काढून बाजूला टाकले आणि म्हणाली, "जा, पुस्तक उघड. भांडे मी पायतो." तिने तेव्हा एका हाताने सगळी भांडी घासली.

चंद्रपूरच्या दुकानात दोन होत्या. दुकानदार वयस्कर, नीट समजावून सांगणारा माणूस होता. पहिली साधी, सपाट जबड्यांची. त्याने तिच्यात एक लाकडाचा तुकडा उभा पकडून दाखवला. हिचा एक जबडा जागच्या जागी असतो आणि दुसराच सरकतो, त्यामुळे प्रत्येक तुकड्याच्या वेळी गुण्या लावून तो सरळ आहे का पाहावे लागते, वाईस हाताने सरकवून मध्य साधावा लागतो आणि भोक पाडताना ती दाबून धरावी लागते. "हिच्यासोबत एक माणूस पायजे," तो म्हणाला. दुसरी जड होती. हिचे दोन्ही जबडे एकाच स्क्रूवर होते. मूठ फिरवली की दोन्ही एकदम आत यायचे, आणि त्यांना मधोमध इंग्रजी व्हीसारखी खाच होती. चौकोनी गुल्ली उभी ठेवून मूठ आवळली की ती आपोआप बरोबर मध्यावर यायची. टेबलाला बोल्टने एकदा बसवली की पुन्हा हलवायची नाही. "इच्यात एकटा माणूस दिवसभर काम करते," दुकानदार म्हणाला. "कोनी धराले नाई लागत."

मामा माझ्याकडे पाहत होते. मी दोन्हींची मूठ फिरवून पाहिली. मला काहीच कळत नव्हते असे लिहिले तर वाचणाऱ्याला बरे वाटेल, पण मला सगळे कळत होते. पहिली घेतली तर तिच्याजवळ माणूस लागेल, आणि मावशीचा अंगठा भरेपर्यंत ते माणूस मी असेन. परीक्षा तर त्याआधीच होती. दुसऱ्या वाईसच्या खाचेत मी बोट घालून पाहिले. लोखंड गार होते आणि त्यावर कारखान्याचे तेल होते. मी म्हटले, "ही."

"काऊन?" मामांनी विचारले.

"हिला कोणी लागत नाही."

मामा खूश झाले. त्यांनी मला बसस्टँडवर समोसा घेऊन दिला. परतीच्या बसमध्ये ती वाईस पोत्यात गुंडाळून माझ्या मांडीवर होती. मांडीला रग लागली, पण मी ती खाली ठेवली नाही. तिच्यावर माझे पुस्तक उघडून मी वाचत आले. आज मला विचाराल तर ती निवड हत्यार म्हणून अगदी योग्य होती. लाकडी पेनासाठी कोणी सल्ला मागितला, तर मी आजही तेच सांगेन. सपाट जबड्यांची घेऊ नका, दोन्ही जबडे एकदम सरकणारी घ्या.

दुसऱ्या दिवशी वाईस बसवली. मामांनी घरातल्या सगळ्यांना बोलावले, चहाच्या टपरीवरचे दोघेही आले. मावशी पट्टीचा हात पदराखाली घेऊन दाराशी उभी राहिली. मामांनी गुल्ली ठेवली, मूठ आवळली, दांडा ओढला. भोक सरळ गेले. दुसरी, तिसरी, चौथी. मामा म्हणाले, "पाय वच्छे. जेवत नाई, झोपत नाई, बोलत बी नाई." टपरीवाले हसले. पाचव्या गुल्लीला जळका वास आला, धूर निघाला आणि गुल्ली उभी फुटली. मावशी पहिल्यांदा बोलली. "तापलं का सांगत नाई ते."

"फुटू दे," मामा म्हणाले. "पोतंभर आहेत."

ती पुढे आली. उजव्या हाताची बोटे तिने जबड्यांवरून फिरवली, मूठ अर्धी फिरवून पाहिली, दोन्ही बाजू आत येताना पाहिल्या. मग माझ्याकडे न पाहता विचारले, "दुकानात दोन होत्या?"

मामा तिथेच होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलेही नाही, त्यांना या प्रश्नात काही दिसलेच नाही. मी म्हटले, "एकच होती."

"हो," ती म्हणाली. "एकच असन."

आठवडाभरात मामांनी तिची सोय लावली. सोय हाही शब्द मामांचाच. सिरोंच्याला त्यांच्या ओळखीचा एक मासळीचा व्यापारी होता. त्याची आई अंथरुणाला खिळली होती, तिचे हगणेमुतणे काढायला बाई हवी होती. मामीने मावशीची दोन लुगडी एका पिशवीत भरली आणि पिशवी चांगली होती म्हणून लुगडी काढून पुन्हा गोणपाटात बांधली. मावशीने एकदाच विचारले, "तिथी तेलुगू बोलते म्हणते. मले तर एक शब्द येत नाई." मामा दाढी करत होते. आरशातच पाहत म्हणाले, "वाईसले काय बोलाचं राह्यते?" त्या दिवशी मी कॉलेजला जायच्या बसमध्ये तिच्याच शेजारी बसले, चंद्रपूरपर्यंत. तिने खिडकी मला दिली. वाटेत ती एवढेच म्हणाली की रिठे संपले आहेत, मामीला आठवण करून दे. स्टँडवर सिरोंच्याची गाडी लागली तेव्हा माझ्या तासाला उशीर होत होता. मी तसे सांगितले. ती म्हणाली, "जा, जा."

परीक्षा चांगली गेली. मी द्वितीय श्रेणीत पास झाले. मामांनी गावभर पेढे वाटले आणि आपल्या हाताने केलेला एक पेन मला दिला, उत्तम, सरळ रेषेच्या सागाचा. तो माझ्याकडे आहे. त्याची गुल्ली त्याच वाईसमध्ये धरली होती आणि तिचे भोक अगदी मध्यावर आहे. माझ्या पहिल्या नोकरीच्या अर्जावरची सही त्याच पेनाची. मामांच्या पाया पडताना माझ्या मनात कृतज्ञता होती, खोटी नव्हती.

पुढे दिवाळीला गेले तेव्हा कारखान्यात दोन नवे कारागीर होते, दोघेही बाहेरगावचे. एक जण दुसऱ्याला म्हणाला, "वच्छीले तेल दे जरा, करकर करून राह्यली." मला आधी समजले नाही. मग पाहिले तर तो वाईसच्या स्क्रूवर तेल सोडत होता. मामांनीच ते नाव दिले होते. आधी ते गंमत म्हणून म्हणत, मग कारखान्यात ते नावच झाले. "वच्छी कस", "वच्छी ढिली कर", "वच्छीचा जबडा पूस". मी त्या कारागिराला विचारले, हे नाव कसे पडले? तो म्हणाला, "कंपनीचं नाव असन, बाई." मामा गेले, त्यांच्या मुलाने कारखाना वाढवला, मशीन बदलले, पण ती वाईस अजून आहे, आणि गेल्या वर्षीही मी ते नाव तिथे ऐकले.

मी गडचिरोली जिल्ह्यात शिक्षिका झाले. आता माझी मुलगी तेव्हाच्या माझ्या वयाची आहे. आमच्या नोकरीत निवडणुकीचे काम चुकत नाही, आणि एका निवडणुकीत माझी नेमणूक सिरोंच्याकडच्या एका केंद्रावर झाली. आदेश वाचताना मला मावशी आठवली होती. नेमणूक बदलून घ्यावी असेही वाटले होते, हे लपवत नाही. केंद्रावर माझे काम दुसऱ्या टेबलाचे. मतदाराची सही किंवा अंगठा घ्यायचा आणि डाव्या हाताच्या बोटाला शाई लावायची. सकाळपासून तेलुगूच कानावर पडत होते. दुपार उलटल्यावर रांग वाढली. पहिल्या टेबलावरच्या माणसाने नाव पुकारले, "वत्सला," आणि पुढे त्या व्यापाऱ्याच्या गल्लीचे नाव, मामांकडून ऐकलेले.

ती माझ्यासमोर आली तेव्हा मागच्या बाईशी तेलुगूत काहीतरी बोलत होती, भराभर, हसत. केस पूर्ण पांढरे झाले होते. एवढे पाहून मी मान खाली घातली. शाईचा पॅड सरकवला आणि डावा अंगठा मागितला. तिने हात पुढे केला. अंगठ्याला नख नव्हते, टोक एका बाजूला कललेले होते. तो पॅडवर नीट टेकत नव्हता, म्हणून मला तो दोन्ही हातांनी धरावा लागला. धरून दाबला, मग रजिस्टरवर दाबला. ठसा उमटला, मधून एक पांढरी रेष गेलेला. मग बोटाला शाई लावली. बोट माझ्या हातातच होते तेव्हा ती हलकेच, मराठीत म्हणाली, "एकच होती ना, कुंदा?"

रांग दाराबाहेर गेली होती. मागची बाई पुढे सरकली होती. मी तिचे बोट सोडले.

"पुढे व्हा," मी म्हटले.